विवाहाचा कायदा होईपर्यंत काय करता येते?

वाचकांचे कायदेविषयक प्रश्न

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे समलिंगी नातेसंबंध आणि कायदा या एकाच विषयावरची होती, म्हणून या अंकातील सर्व जागा त्यांना दिली आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेप्रमाणे छापलेली नाहीत. मराठी मासिकाने असे प्रश्न घ्यावेत का, अशी शंका एका वाचकाने कळवली आहे. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’वर १९३४ साली मुंबईत खटला झाला, तो वाचकांच्या लैंगिक विषयांवरील प्रश्नांना दिलेल्या उत्तरांमुळेच, आणि कर्व्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले होते. खटला ते हरले, कर्व्यांना दंड भरावा लागला, तरी मासिक बंद पडले नाही. ती वाट पाडून ठेवलेली असताना आम्ही मागे राहण्याचे काही कारण मला दिसत नाही.

प्रश्न : माझी मुलगी ३२ वर्षांची असून गेली सहा वर्षे नेरूळला एका मुलीबरोबर राहते. वर्षभरापूर्वीपर्यंत मी तिला मुलीची मैत्रीण म्हणत असे. ती तिची जोडीदार आहे, हे आता मला आणि माझ्या यजमानांना मान्य आहे. कायद्याने परवानगी दिली, असे कधी वर्तमानपत्रात वाचतो, तर कधी नाकारली, असे वाचतो. या दोघींना विवाहाची नोंदणी करता येईल का? नसेल, तर त्यांचे एकत्र राहणे बेकायदा आहे का? आणखी एक प्रश्न आहे, तो संकोचत विचारते : कायदा नसला तरी आमच्या घरी चार माणसांत त्यांचे लग्न लावले, तर आम्ही अडचणीत येऊ का? (एक आई, नौपाडा, ठाणे)

उत्तर : ताई, तुमची खरी काळजी दुसऱ्या प्रश्नात आहे, म्हणून आधी त्याचे उत्तर देते. तुमच्या मुलीचे तिच्या जोडीदाराबरोबर राहणे बेकायदा नाही. इंग्रजांनी १८६० साली केलेल्या भारतीय दंडसंहितेत ३७७ वे कलम होते आणि त्याच्या धाकात या देशातील माणसांच्या कित्येक पिढ्या जगल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी, प्रौढांच्या संमतीच्या खासगी संबंधांपुरते, ते कलम घटनाबाह्य ठरवले. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. आणि अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेज सिंग जोहर खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने सांगितले की, दोन प्रौढ व्यक्तींमधील संमतीचे संबंध हा गुन्हा नाही. परवानगी दिली, नाकारली, अशा उलटसुलट बातम्या तुम्ही वाचल्यात त्यामागे ही सगळी ये-जा आहे. त्या निकालात न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी लिहिले की, या समाजाची आणि त्यांच्या कुटुंबीयांची इतिहासाने क्षमा मागायला हवी. ‘कुटुंबीयांची’ हा शब्द तुमच्यासाठी आहे, असे मी मानते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ३७७ सारखे कलमच नाही.

विवाहाच्या नोंदणीचे उत्तर मात्र आज ‘नाही’ असे आहे. जात, धर्म न पाहता नोंदणी पद्धतीने विवाह करण्यासाठी आपल्याकडे १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्याच्या चौथ्या कलमाची सुरुवात ‘कोणत्याही दोन व्यक्ती’ अशी होते. परंतु त्याच कलमात पुढे वयाची अट घालताना पुरुषाला २१ आणि स्त्रीला १८ वर्षे पूर्ण हवीत, असे म्हटले आहे. दोन व्यक्ती म्हणजे कोणत्याही दोन व्यक्ती असे वाचावे, ही मागणी घेऊन अनेक जोडपी सर्वोच्च न्यायालयात गेली होती. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सुप्रियो चक्रवर्ती खटल्यात पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला. विवाह करण्याचा मूलभूत हक्क राज्यघटनेत नाही आणि विशेष विवाह कायद्याची शब्दरचना न्यायालयाने बदलू नये, यावर पाचही जणांचे एकमत झाले. विवाह नाही तरी निदान नागरी सहजीवनाला मान्यता द्यावी का, यावर मात्र ते विभागले : सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. संजय किशन कौल अनुकूल होते, तर न्या. रवींद्र भट, न्या. हिमा कोहली आणि न्या. नरसिंह प्रतिकूल. दोनाविरुद्ध तीन मतांनी तोही मार्ग बंद झाला. फेरविचाराच्या याचिका ९ जानेवारी २०२५ रोजी फेटाळल्या गेल्या. पारलिंगी व्यक्तीने भिन्नलिंगी नात्यात केलेला विवाह प्रचलित कायद्यांखालीच होऊ शकतो, हे मात्र पाचही न्यायमूर्तींनी मान्य केले आणि त्या निकालातील हा भाग फारसा कोणाला ठाऊक नसतो.

परदेशात जाऊन लग्न केले तर चालेल का, असे अनेक जण विचारतात. नेपाळमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये पहिली नोंदणी झाली आणि थायलंडमध्ये जानेवारी २०२५ पासून तसा कायदा लागू आहे, त्यामुळे हा प्रश्न पडणे साहजिक आहे. तेथील प्रमाणपत्र तेथे खरे असते. ठाण्याच्या विवाह नोंदणी कार्यालयात, बँकेत किंवा वारसाच्या दाव्यात आज त्याचा पती-पत्नी म्हणून उपयोग होणार नाही.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर या पानाच्या शेवटी देते, कारण मधली उत्तरे वाचून झाली की ते अधिक उपयोगी पडेल.

प्रश्न : आम्ही दोघे पुरुष ऐरोलीत अकरा वर्षे एकत्र राहतो. सदनिका माझ्या एकट्याच्या नावावर आहे, कर्जाचा हप्ता मात्र दोघांच्या पगारातून जातो. सोसायटीत मी जोडीदाराला नॉमिनी केले आहे. माझे वडील वारले असून आई आणि एक भाऊ गावी असतात. माझ्यामागे घर जोडीदारालाच मिळेल ना? (एक वाचक, ऐरोली)

उत्तर : आज जशी कागदपत्रे आहेत तशीच राहिली, तर मिळणार नाही. कडवे उत्तर आहे, परंतु ते वेळेत कळले तर त्यावर उपाय आहे.

नॉमिनी म्हणजे मालक, हा आपल्याकडचा सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमातील २०१९ च्या सुधारणेनंतरच्या तरतुदीनुसार, सभासदाच्या मृत्यूनंतर कायदेशीर वारस ठरेपर्यंत नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेतले जाते. शेअर्सच्या बाबतीतही नामनिर्देशनाने वारसाहक्क डावलला जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले. तुम्ही हिंदू असाल आणि मृत्युपत्र केले नसेल, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे अविवाहित, अपत्य नसलेल्या पुरुषाची आई ही पहिल्या वर्गातील वारस आहे. आई नसेल तर वडील, तेही नसतील तर भावंडे. अकरा वर्षे हप्ता भरणाऱ्या जोडीदाराचे नाव या यादीत कोठेच येत नाही.

म्हणून मृत्युपत्र करा. स्वतः मिळवलेली मालमत्ता कोणालाही देण्याचा अधिकार कायद्याने तुम्हांला दिला आहे आणि त्यासाठी नात्याची अट नाही. साध्या कागदावरचे मृत्युपत्रही चालते, त्यावर मुद्रांक शुल्क लागत नाही. दोन साक्षीदार हवेत, आणि त्यांनी तुम्हांला सही करताना पाहून मग स्वतः सही केलेली असावी. ज्याला मालमत्ता मिळणार आहे तो साक्षीदार नसावा. नोंदणी सक्तीची नाही; तरीही दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन ती करावीच, असा आग्रह मी प्रत्येक समलिंगी अशिलाकडे धरते, कारण त्यांच्या मृत्युपत्राला आव्हान मिळण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक असते. प्रकृती उत्तम असल्याचे डॉक्टरांचे त्याच दिवसाचे प्रमाणपत्र सोबत जोडावे. आई आणि भावाला काही का दिले नाही, किंवा काय दिले, हे मृत्युपत्रातच एका वाक्यात लिहावे. उल्लेखच टाळलेला असला, की ‘त्याला आमची आठवण करून देणारे कोणी जवळ नव्हते’ अशा युक्तिवादाला जागा मिळते.

घर जिवंतपणीच अर्धे नावावर करून द्यावे का, असा पुढचा प्रश्न येईल. पतीने पत्नीला राहते घर बक्षीस दिले तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. तुमच्या जोडीदाराला दिले, तर बाजारमूल्यावर खरेदीखताप्रमाणे पूर्ण शुल्क. शिवाय प्राप्तिकराच्या दृष्टीने तो ‘नातेवाईक’ नसल्यामुळे ५०,००० रुपयांपेक्षा अधिक मूल्याची भेट त्याचे उत्पन्न धरली जाते. या भेदभावाला एका समलिंगी जोडप्याने २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले असून न्यायालयाने ॲटर्नी जनरलना नोटीस काढली. मृत्युपत्राने मिळालेल्या मालमत्तेवर हा कर लागत नाही. सगळे हिशेब मांडले तर तुमच्या बाबतीत बक्षीसपत्रापेक्षा मृत्युपत्र बरे. पुढे कधी घर बदललेत, तर नवा करारनामा दोघांच्या नावाने करा आणि कोणाचा किती हिस्सा, तेही त्यात लिहा. तोपर्यंत जोडीदाराने हप्त्यात भरलेली रक्कम बँकेतून बँकेत गेली असेल, याची काळजी घ्या. रोख दिलेल्या पैशांचा पुरावा राहत नाही. घर सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवर असेल, तर हस्तांतरणाच्या वेळी सिडकोकडे काय लागते, तेही आधीच विचारून ठेवा.

बँकेची बाब सोपी झाली आहे. समलिंगी जोडीदारांना संयुक्त खाते उघडण्यास आणि एकमेकांना नॉमिनी करण्यास कोणतीही आडकाठी नाही, असे केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये कळवले आहे. त्याच सुमारास, शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातील धरावे, असे पत्रही केंद्राने राज्यांना पाठवले. शाखेत कोणी नाही म्हटले तर नकार लेखी मागा. लेखी नकार देण्याची वेळ आली की बहुतेक वेळा काम होते, असा माझा अनुभव आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार नॉमिनी ठेवता येतात, तेव्हा आई आणि जोडीदार यांपैकी एकाला निवडण्याची पाळी तुमच्यावर येणार नाही.

भविष्यनिर्वाह निधीचे मात्र तसे नाही. तुमची आई तुमच्यावर अवलंबून असेल, तर त्या योजनेच्या व्याख्येत ती ‘कुटुंब’ ठरते आणि कुटुंब असताना बाहेरच्या व्यक्तीचे नामनिर्देशन चालत नाही. विम्याच्या रकमेवरही आईवडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील तरच त्यांचा स्वतःचा हक्क निर्माण होतो. जोडीदार नॉमिनी असेल तर तो वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारतो. म्हणून विम्याच्या पॉलिसीचा क्रमांक घालून तिचा उल्लेख मृत्युपत्रात स्वतंत्रपणे करा.

प्रश्न : माझ्या जोडीदाराला मागील वर्षी मध्यरात्री इस्पितळात न्यावे लागले. ‘रक्ताचे कोणी आहे का?’ असे मला तीनदा विचारले गेले. पुन्हा तशी वेळ आली तर माझ्या हातात काय असावे? (एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर : तुमचे पत्र वाचताना मला माझ्याच एका अशील बाईंची रात्र आठवली. त्या आणि त्यांची जोडीदार, दोघी पन्नाशीच्या पुढच्या. जोडीदाराचे पित्ताशयाचे ऑपरेशन ठरले होते. दाखल करण्याच्या अर्जात ‘रुग्णाशी नाते’ असा रकाना होता. बाईंनी त्यात ‘जोडीदार’ लिहिले. काउंटरवरच्या मुलाने दोरीने बांधलेले पेन उचलून तो शब्द खोडला, वर ‘मैत्रीण’ लिहिले, आणि संमतीपत्रावर सही करायला कोल्हापूरहून भावाला बोलवा, असे सांगितले. त्याचा सूर उद्धट नव्हता. त्याला तसेच शिकवलेले होते. रुग्ण बाई तीन हातांवर चाकाच्या खुर्चीत बसलेली होती, पूर्ण शुद्धीवर. तिला कोणीही काही विचारले नाही.

त्या रात्री मला फोन आला तेव्हा मी जे सांगितले, तेच तुम्हांला सांगते. रुग्ण प्रौढ आणि शुद्धीवर असेल, तर उपचारांची संमती त्याची स्वतःचीच लागते, भावाची नाही आणि आईचीही नाही. समीरा कोहली खटल्यात जानेवारी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले : तातडीची गरज नसताना प्रौढ रुग्णाच्या जागी आईने दिलेली संमती ही संमती नव्हे. प्रश्न उरतो तो रुग्ण बेशुद्ध असेल तेव्हाचा. जीव वाचवण्यासाठी लागणारे तातडीचे उपचार कोणाच्याही सहीसाठी थांबवून ठेवता येत नाहीत. त्यापलीकडच्या निर्णयांसाठी, तुम्ही दोघांनी एकमेकांच्या नावे, आपण बोलू शकत नसू तेव्हा डॉक्टरांनी कोणाशी बोलावे आणि कोणाला भेटू द्यावे, हे लिहिलेले पत्र नोटरीसमोर करून ठेवावे. मरणासन्न अवस्थेतील उपचारांविषयीचे आगाऊ वैद्यकीय निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केले आणि जानेवारी २०२३ मध्ये त्यांची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर ते करता येतात. त्यात आपल्या वतीने बोलणारी व्यक्ती म्हणून जोडीदाराचे नाव घाला. मानसिक आजाराच्या उपचारांसाठी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने कोणाही प्रौढ व्यक्तीला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो, तेथे तर नात्याची अटच नाही.

कुलमुखत्यारपत्रावर विसंबून राहू नका. ते देणाऱ्याचे भान हरपले तर त्याचा जोर संपतो, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच ते निकामी होते.

अत्यंत जड मनाने आणखी एक गोष्ट लिहावी लागते. रुग्ण दगावला आणि जवळचे नातेवाईक उपलब्ध नसले, तर पार्थिव जोडीदाराच्या ताब्यात देण्यात यावे, असे पत्र केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २१ ऑगस्ट २०२४ रोजी राज्यांना पाठवले आहे. नातेवाईक हजर असले आणि त्यांनी जोडीदाराला अंत्यदर्शनही घेऊ दिले नाही, तर काय, या प्रश्नाला त्या पत्रात उत्तर नाही. त्याचे उत्तर विवाहाच्या कायद्यातच मिळेल.

प्रश्न : मी २१ वर्षांची आहे, कळव्याला राहते. घरी कळल्यापासून माझा फोन काढून घेतला आहे. हे पत्र शेजारच्या ताईच्या फोनवरून पाठवते आहे. मला ‘बरी करणाऱ्या’ एका डॉक्टरकडे नेणार आहेत आणि दिवाळीनंतर लग्न लावणार आहेत. मी आजारी आहे का?

उत्तर : तू माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून तुला ‘तू’ म्हणते. तू आजारी नाहीस. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढून टाकली. समाजाच्या नैतिक किंवा सांस्कृतिक चौकटीत कोणी बसत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही, असे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. आणि लैंगिक कल बदलण्याचे तथाकथित उपचार करणे हे डॉक्टरांच्या बाबतीत व्यावसायिक गैरवर्तन आहे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली जाहीर केले. म्हणजे त्या डॉक्टरविरुद्ध तक्रार होऊ शकते.

तू सज्ञान आहेस. तुझ्या संमतीशिवाय तुझे लग्न होऊ शकत नाही. धाक दाखवून लावलेले लग्न न्यायालय रद्द ठरवू शकते. घरात कोंडून ठेवणे, मारणे, फोन काढून घेणे यांविरुद्ध २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली मुलगीही दाद मागू शकते, तो केवळ विवाहित स्त्रियांसाठी नाही. तातडीचा धोका वाटला तर ११२ वर फोन कर. विनामूल्य वकील हवा असेल तर १५१०० या क्रमांकावर फोन कर किंवा ठाणे जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट नाही. प्रकरण उच्च न्यायालयात गेलेच, तर मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेल्या मार्गदर्शक सूचना तुझ्या बाजूने आहेत : न्यायाधीशांनी तुला घरच्यांपासून वेगळे, एकांतात भेटावे, आणि समुपदेशनाच्या नावाखाली तुझा कल बदलण्याचा प्रयत्न करू नये.

शेजारच्या ताईंना माझा निरोप सांग की त्यांनी फार मोठे काम केले आहे. त्यांच्याच फोनवर संपादकांनी माझा क्रमांक पाठवला आहे.

प्रश्न : मोबाईलवरील ॲपवरून ओळख झालेल्या इसमाने माझी छायाचित्रे काढली आणि आता ‘घरी पाठवतो’ म्हणून पैसे मागतो आहे. पोलिसांकडे गेलो तर माझ्यावरच गुन्हा दाखल होईल का? (वाशी)

उत्तर : होणार नाही. तुम्ही केलेल्या कोणत्याही कृत्याला आज गुन्हा म्हणता येत नाही. त्याने केलेली मागणी ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली खंडणी आहे. पैसे देऊ नका, संदेश पुसू नका, तक्रार लेखी द्या आणि तिची पोच घ्या.

प्रश्न : मी निवृत्त मुख्याध्यापक आहे. मला कोणाचा द्वेष नाही. परंतु विवाह हा आपल्याकडे संस्कार आहे. तो बदलण्याचा अधिकार न्यायालयाला कसा? आणि समाज तयार नसताना कायद्याने पुढे का धावावे? (पाचपाखाडी, ठाणे)

उत्तर : सर, तुमच्या पत्राचा सूर संयत आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देते. न्यायालयाला अधिकार नाही, या मुद्द्यावर २०२३ चा निकाल तुमच्याच बाजूचा आहे. हा विषय संसदेचा, असे न्यायालयाने सांगितले, आणि मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून या जोडप्यांच्या अडचणी पाहण्याचे सरकारचे आश्वासन नोंदवून घेतले. संसदेत प्रयत्न झाला नाही असेही नाही. खासदार सुप्रिया सुळे यांनी एप्रिल २०२२ मध्ये विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती सुचवणारे खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते. सतरावी लोकसभा विसर्जित झाली तेव्हा ते चर्चेविना संपले. न्यायालय संसदेकडे बोट दाखवते आणि संसद तो विषय पटलावर घेत नाही, या दोन दारांच्या मधल्या ओसरीत माझे अशील उभे आहेत.

संस्काराविषयी म्हणाल, तर ही मागणी संस्काराची नाहीच. विशेष विवाह कायद्यात होम नाही, सप्तपदी नाही. ३० दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार आणि सह्या आहेत. धर्माने कोणता विवाह मानावा, हे धर्माने ठरवावे. नोंदवहीत कोणाचे नाव लिहावे, ते राज्याने ठरवायचे आहे, आणि राज्य ज्यांच्याकडून कर घेते त्यांतले हे नागरिक आहेत.

समाज तयार नसताना कायदा पुढे का धावतो, हा प्रश्न महाराष्ट्राने तरी विचारू नये असे मला वाटते. विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा १८५६ साली झाला; त्यानंतर ३७ वर्षांनी, १८९३ मध्ये, धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, तेव्हाही गावाने त्यांना बहिष्कृत केले. सत्यशोधकांनी भटजीविना विवाह लावले तेव्हा ‘हा विवाहच नव्हे’ असे म्हणणारे पुष्कळ होते. हिंदूंमधील आंतरजातीय विवाह निर्विवाद वैध ठरवण्यासाठी १९४९ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. तुमच्या शाळेत त्या विवाहांतून जन्मलेली मुले शिकून गेली असतील आणि हजेरी घेताना तुम्हांला ते कळलेही नसेल.

एक गोष्ट मात्र तुमच्यापुढे ठेवते. मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. आनंद वेंकटेश यांच्यासमोर २०२१ साली दोन तरुणींचे प्रकरण आले. हा विषय आपल्याला पुरेसा समजलेला नाही, असे त्यांनी खुल्या न्यायालयात सांगितले, मानसशास्त्रज्ञांकडे स्वतः जाऊन समजून घेतले आणि मगच निकाल दिला. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाने विद्यार्थी होणे, ही मला त्या निकालाइतकीच महत्त्वाची वाटलेली घटना आहे. मुख्याध्यापकांना तिचे मोल मी सांगायला नको.

नौपाड्याच्या ताईंचा राहिलेला प्रश्न : ताई, घरी लग्न लावण्यात कोणताही गुन्हा नाही. मंगलाष्टके म्हणा, सूनमुख पाहा, दोघींची ओटी भरा, पत्रिका छापा, हॉल घ्या. त्याने कायद्याच्या दृष्टीने त्या विवाहित होणार नाहीत, एवढेच. म्हणून कोणत्याही सरकारी अर्जात ‘विवाहित’ असे लिहू देऊ नका. भाड्याच्या घरात राहत असतील, तर पुढचा लिव्ह अँड लायसन्स करार दोघींच्या नावाने नोंदवून घ्या, म्हणजे एकत्र राहण्याचा सरकारी नोंदीतला पुरावा तयार होतो.

आणि मृत्युपत्रे त्याच दिवशी करा. तुमची मुलगी अविवाहित आणि अपत्यहीन समजली जाणार, म्हणजे मृत्युपत्र नसेल तर तिच्या वारस तुम्ही आणि तुमचे यजमान. उद्या तुमच्यामागे कोणी नातेवाईक त्या दुसऱ्या मुलीला घराबाहेर काढू पाहील, तर तिच्या हातातला सर्वांत भक्कम पुरावा तुमचाच असेल : तुम्हांला स्वतःला त्यात काही ठेवलेले नसेल, तर त्या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून तुम्ही दोघांनी सह्या करा. प्रत्येक पानावर मुलीची सही, शेवटच्या पानावर तारीख आणि तुमच्या दोघांच्या सह्या, पूर्ण नाव आणि पत्त्यासह. दुसऱ्या मुलीच्या मृत्युपत्रालाही असेच दोन साक्षीदार लागतील. तिच्या घरचे आले असतील तर उत्तम, नसतील तर लग्नाला आलेले कोणीही दोघे चालतील. जाण्यापूर्वी त्यांच्याकडून तेवढ्या सह्या करून घ्या.